ट्रकच्या केबिनवरचे कॅरिअर पुन्हा बसवताना : माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतून चादरी आणि टॉवेलच्या गाठी पुण्याकडे पोहोचवणारा आमचा एक १४ फुटी ट्रक आहे. त्याच्या केबिनच्या छतावर लोखंडी कॅरिअर असून त्यावर ताडपत्री, दोर आणि चालकाचे थोडे सामान असते. गेल्या वर्षी केबिनचे डेंटिंग-पेंटिंग करून घेताना हे कॅरिअर उतरवावे लागले. रंगकाम झाल्यावर गॅरेजमध्येच ते जुन्याच बोल्टांनी परत बसवून वरून सिलिकॉन फासण्यात आले, आणि काम चांगले झाले असे समजून मी गाडी ताब्यात घेतली.

सोलापुरात जूनपेक्षा सप्टेंबरचा पाऊस अधिक असतो. त्या सप्टेंबरच्या एका रात्री मोहोळच्या अलीकडे चालकाच्या डाव्या बाजूच्या आसनावर पाणी टपकू लागले. बिल्टीची, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीची, कागदपत्रे भिजली. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे छताच्या दिव्याच्या वायरवरून ओघळ खाली येत होता. आम्ही आधी समोरच्या काचेच्या रबराला दोष दिला आणि काचेच्या कडेने सीलंट भरून घेतले. गळती थांबली नाही. मग कॅरिअरच्या पायांभोवती आणखी सिलिकॉन लावले, त्याने दोन पाऊस निभावले आणि तिसऱ्याला पाणी पुन्हा आत आले.

मे महिन्यात गाडी तीन-चार दिवस उभी ठेवता येणार होती, म्हणून हे काम मुळापासून करायचे ठरवले. आमच्या ओळखीचे एक वयस्क फिटर आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी पहिली अट घातली ती ही : "मालक, आधी आतलं लायनिंग उतरवा. पाणी शिरतं एकीकडं आणि टपकतं दुसरीकडं." लायनिंग, म्हणजे छताचे आतले अस्तर, उतरवल्यावर त्यांचे म्हणणे डोळ्यांनी दिसले. पाणी उजवीकडच्या पुढच्या पायातून शिरत होते, छताच्या आतल्या आडव्या पट्टीला धरून गंजाची तांबूस रेघ ओढत डावीकडे जात होते आणि तिथे खाली पडत होते. आठ महिने आम्ही चुकीच्या बाजूला सीलंट लावत होतो.

कॅरिअरला सहा पाय आणि प्रत्येक पायाला दोन बोल्ट, म्हणजे पत्र्याला एकूण बारा छिद्रे होती. कॅरिअर उतरवल्यावर मला सर्वांत जास्त खटकली ती पत्र्याची अवस्था. एक पाय इतरांपेक्षा किंचित लांब होता, बाकीचे टेकावेत म्हणून बोल्ट जोर लावून आवळले गेले होते आणि त्या दाबाने लांब पायाखाली पत्र्यात बशीसारखा खळगा पडला होता. पावसाचे पाणी वाहून जाण्याऐवजी नेमके छिद्राभोवती साचत होते. शिवाय रस्त्याच्या हादऱ्यांनी दोन छिद्रे लंबगोल झाली होती. अशा जागी वरून कितीही सीलंट थापले तरी पाय हलतो, सीलंट पत्र्यापासून सुटते आणि त्या केसभर फटीतून पाणी शिरते. सील पायाच्या वर नव्हे, पायाच्या खाली हवे, हे मला तेव्हा पटले.

पुढचे दोन दिवस निव्वळ तयारीत गेले, आणि ते वाया गेले असे मला मुळीच वाटत नाही. जुने सिलिकॉन खरवडून पूर्ण काढावे लागले, कारण त्याचा पातळ थर जरी राहिला तरी त्यावर ना रंग धरतो ना दुसरे सीलंट. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते आणि उघड्या लोखंडाला गंज चढवते. आमच्या छिद्रांच्या कडांवरचा गंज पाहता तिथे तेच वापरले असावे, असे अण्णांचे मत पडले. खळगा आतून ठोकून सपाट केला. लंबगोल छिद्रे वेल्डिंगने बुजवून, घासून, नव्याने पाडली. ड्रिलचा लोखंडी कीस छतावर राहिला तर पहिल्याच पावसात त्याचे गंजाचे ठिपके उमटतात, म्हणून तो चुंबकाने आणि ओल्या फडक्याने टिपून घेतला. मग छिद्रांच्या कापलेल्या कडांनाही ब्रशने प्रायमर आणि रंग दिला. पत्रा गंजतो तो याच उघड्या कडेपासून.

बसवताना प्रत्येक पायाखाली कडक रबराचा तुकडा घातला, लांब पायाखाली कमी जाडीचा, म्हणजे सहाही पाय बोल्ट न आवळताच टेकले पाहिजेत. पत्र्याच्या आतल्या बाजूने लोखंडी पट्टी दिली, त्यामुळे भार एका वॉशरवर न येता रुंद जागेवर पसरतो. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये ब्यूटाइल टेपचे (चिकट, मऊ रबरी पट्टीचे) वेटोळे छिद्राभोवती ठेवले आणि बोल्टच्या डोक्याखालीही त्याचीच बारीक कडी दिली, कारण पाणी बोल्टच्या आट्यांवरूनही फिरत फिरत आत येते. ब्यूटाइल वाळून कडक होत नाही, चिकट आणि मऊ राहते. हादरे सोसणाऱ्या जागी मला तेच योग्य वाटते.

आवळताना अण्णांनी एक शिस्त पाळली, ती मी यापूर्वी कोणत्याही गॅरेजमध्ये पाहिली नव्हती. वरचे बोल्टचे डोके १३ नंबरच्या पान्याने स्थिर धरायचे आणि आतून फक्त नट फिरवायचा, कारण डोके फिरले की त्याखालचे सील पिळवटून फाटते. सर्व पाय थोडे थोडे, समोरासमोरच्या क्रमाने आवळले आणि ब्यूटाइल कडेने बाहेर डोकावताच थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात ते मऊ होऊन दबले होते, तेव्हा नट पुन्हा थोडे आवळून घेतले. नट नायलॉक, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे हादऱ्यांनी ढिले न होणारे होते. शेवटी पायांच्या कडेने पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची रेघ ओढली, पण उताराकडच्या बाजूला बोटभर जागा मोकळी ठेवली, म्हणजे चुकून शिरलेले पाणी तिथे अडकून न राहता निघून जाईल. पीयू सीलंट हवेतील ओलाव्याने पक्के होते. सोलापूरच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत ते सावकाश वाळते, म्हणून पुडक्यावरच्या वेळेवर न विसंबता आम्ही आणखी एक पूर्ण दिवस गाडी हलवली नाही.

पाण्याची परीक्षा लगेच घेता आली नाही. आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तोपर्यंत थांबावे लागले. लायनिंग उघडेच ठेवून, आतल्या प्रत्येक नटाभोवती पांढऱ्या टॉवेलचा कोरा तुकडा बांधला. पाइपचा जोर कमी ठेवून आधी छताच्या खालच्या कडेपासून सुरुवात केली आणि एकेका पायावर दहा-दहा मिनिटे पाणी सोडत वर गेलो. एकदम सगळीकडे पाणी मारले असते तर कोणते छिद्र गळते ते कळले नसते. अकरा तुकडे कोरडे निघाले. मागच्या एका पायाचा तुकडा कडेला दमट होता. तो पाय उघडून पाहिला, तर तिथे ब्यूटाइलच्या वेटोळ्याची टोके एकमेकांवर नीट चढलेली नव्हती. तेवढे एक वेटोळे नव्याने घालून तीच परीक्षा पुन्हा घेतली.

तरीही लायनिंग आम्ही लगेच बसवले नाही. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीने पुण्याच्या दोन फेऱ्या केल्या, टेंभुर्णीजवळ वळवाचा जोरदार पाऊस लागला, आणि चालकाने गाडी कडेला घेऊन बाराही तुकडे हाताने चाचपून फोन केला, "मालक, कोरडं हाय सगळं." परत आल्यावर नट एकदा तपासले, दिव्याच्या वायरला नवी नळी चढवली आणि मग छत बंद केले.