नळी घालायची की चमच्याने भरवायचं?

‘आजी दोन दिवस जेवल्या नाहीत, नाकातून नळी घालायची का?’ डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आईबद्दल केअर सेंटरमधून असा फोन आला की मुलगा बाणेरला असो नाहीतर बोस्टनला, ‘घाला’ असंच म्हणतो. आईला उपाशी कसं ठेवायचं?

आधी साधी कारणं तपासून घ्या. तोंड आलंय का, कवळी सैल झालीय का, पोट किती दिवस साफ नाही, झोपेची गोळी नुकती वाढवलीय का, लघवीचा संसर्ग आहे का. यातलं काही नसेल, तर गिळणं विसरणं हा डिमेन्शियाचाच शेवटचा टप्पा. त्यात नळीने आयुष्य वाढत नाही आणि न्यूमोनियाही टळत नाही, कारण लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न फुफ्फुसात जातंच. शिवाय पेशंट नळी उपसतो, मग हात बांधले जातात.

त्यापेक्षा हाताने भरवा, जातील तेवढेच घास. पूर्ण ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्या मावशींनी समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहून भरवलं की मान वर होते आणि ठसका लागतो. अर्धा चहाचा चमचा गुरगुट्या भात किंवा नाचणीची घट्ट पेज द्यायची, गळा वर-खाली झालेला बघायचा, गालात घास साठलाय का पाहायचं, मगच पुढचा चमचा. घास खाली ढकलायला वरून पाणी ओतणं सर्वात घातक. एका जेवणाला अर्धा-पाऊण तास जातो. एका मावशीकडे आठ पेशंट असतील तर हे होणार नाही, म्हणून सेंटर निवडताना हाच आकडा विचारा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. ग्लानीत असतील तर भरवूच नका.

अगदी शेवटच्या दिवसांत सलाईनने बहुधा सूज आणि घशातली घरघर वाढते. दर दोन तासांनी ओल्या गॉजने तोंड पुसा, ओठांना व्हॅसलीन लावा. कुशीवर वळवताना कपाळाला आठ्या पडल्या, कण्हणं वाढलं, तर ते दुखणं समजा आणि डॉक्टरांना सांगा.

शेवटी कोणते उपचार नकोत हे लिहून ठेवणारं वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) शुद्धीत असतानाच करावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये २०१८ची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. ते केलेलं नसेल तर डॉक्टर आणि सगळी भावंडं एकत्र बसून ठरवा, आणि ठरलेलं फाइलला लावा. नाहीतर रात्रपाळीची सिस्टर घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावते.

मृत्यूच्या कारणाचा दाखला रात्री-अपरात्री कोणते डॉक्टर येऊन देणार, हेही सेंटरला आत्ताच विचारून ठेवा.