तुम्ही तिथे होतात, मग आपल्या माणसाचं काम का झालं नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. सेमिनारच्या चहाला, निरोप समारंभात, फोनवर, सगळीकडे तोच प्रश्न येतो. “मॅडम, संशोधनाला पैसे देणाऱ्या त्या आंतरराष्ट्रीय फंडाच्या निवड पॅनेलवर तुम्ही तीन वर्षं होतात. तिथे पैसे नक्की कोण वाटतं? आणि तुम्ही असून आपल्या माणसाचं काम का झालं नाही?” पहिला प्रश्न तोंडदेखला असतो. उत्तर हवं असतं ते दुसऱ्याचं.

फंडाचं नाव घेणार नाही. गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे, म्हणून साल आणि विषयही गाळते.

पैसे कोण वाटतं? सरकारं पैसे घालतात आणि शास्त्रज्ञ निवड करतात, कागदावर तरी. जीवविज्ञानातल्या संशोधनाला पैसे देणाऱ्या, स्ट्रासबर्गच्या ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमचं बघा. १९८७ च्या व्हेनिस शिखर परिषदेत जपानचे पंतप्रधान नाकासोने यांनी कल्पना मांडली, १९८९ मध्ये काम सुरू झालं. विश्वस्त मंडळावर सदस्य देशांनी पाठवलेली माणसं, शास्त्रज्ञांची परिषद वेगळी, आणि अर्ज वाचणाऱ्या समित्या आणखी वेगळ्या. सुरुवातीपासून सर्वांत मोठा वाटा जपानचा, पण म्हणून जपानी अर्जांसाठी जागा राखून ठेवलेल्या नसतात. भारतही सदस्य आहे, आणि आपल्यालाही तोच न्याय. हे सांगितलं की समोरचा हसतो. ‘असं म्हणायचं असतं’ या अर्थाचं ते हसू मला पाठ झालंय.

एके काळी माझं मत फार सोपं होतं. सरकारने चेक फाडावा आणि दाराबाहेर थांबावं, आत फक्त शास्त्रज्ञ असावेत. एप्रिल २०२० मध्ये युरोपियन रिसर्च कौन्सिलचे, म्हणजे संशोधनाला ग्रँट देणाऱ्या युरोपीय संघाच्या संस्थेचे, अध्यक्ष माउरो फेरारी यांनी तीन-सव्वातीन महिन्यांत राजीनामा दिला. कोविडसाठी खास कार्यक्रम हवा होता, तो झाला नाही, असं त्यांचं म्हणणं. कौन्सिलच्या वैज्ञानिक परिषदेने लगेच जाहीर केलं, की २७ मार्चलाच आम्ही एकमताने त्यांना पद सोडायला सांगितलं होतं. विषय वरून ठरवायचा नाही, तो अर्जदार शास्त्रज्ञानेच आणायचा, हा तिथला पाया. शिवाय बैठकांना हजर न राहणं, बाहेरचे उद्योग, अशाही तक्रारी होत्या. मी तेव्हा परिषदेच्या बाजूने तावातावाने भांडले. महासाथ दारात असतानाही विषय वरून येऊ दिला नाही, याचा मला अभिमान वाटला होता. आज तेवढ्याच जोराने भांडेन का? माहीत नाही. शास्त्रज्ञांच्या हाती दिलं की कारभार निर्मळ होतो, हा सिद्धान्त मी स्वतःच्या हाताने मोडला आहे.

ते असं. पॅनेलवर आम्ही अकरा जण होतो. भिंतीवरच्या पडद्यावर गुणांचा तक्ता, सगळ्यात वरचा अर्ज पहिला. सचिवालयातली बाई त्या वर्षीच्या रकमेचा आकडा टाकायची आणि तक्त्यात लाल रेघ उमटायची. रेघेच्या वरचे तरले, खालचे गेले. तो आकडा आमच्या हातात नव्हता, तो वरून ठरून यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा अर्ज आला. नियम असा, की गेल्या पाच वर्षांत एकत्र पेपर लिहिला असेल तर खोलीबाहेर जायचं. आमच्या शेवटच्या पेपरला सहा वर्षं उलटली होती. तरी मी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, “नियमात बसतं. बसा.”

मी बसले. अर्ज चांगला होता. चांगला म्हणजे, त्या दोन दिवसांत वाचलेल्या पहिल्या तिनांतला. चर्चेत मी एक शब्द बोलले नाही. आणि गुण द्यायची वेळ आली तेव्हा दहापैकी सात दिले. दुसऱ्या कुणाचा असता तर नऊ दिले असते. सात का? मला दिसत होतं, की समोरचे दोघे माझ्याकडे बघताहेत. निदान मला तसं वाटत होतं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं.

त्याची बेरीज झाली ८६. रेघेच्या वरच्या शेवटच्या अर्जाची ८७.

मी आठ दिले असते तर बरोबरी. नऊ दिले असते तर तो आत. हा हिशोब मी परतीच्या विमानात बोर्डिंग पासच्या मागे केला, तीनदा, जणू तिसऱ्यांदा उत्तर वेगळं येणार होतं.

तुम्ही म्हणाल, बाकीच्या दहांनीही गुण दिलेच होते, कुणीतरी एक-दोन गुण जास्त द्यायला हवे होते. हो, हेच मी स्वतःला सांगत आले. आणि ८७ वाला अर्ज वाईट नव्हता, त्याला मिळालं यात अन्याय काय? पण त्या दहांनी अर्ज बघून गुण दिले होते. मी स्वतःकडे बघून दिले. वशिला लावणाऱ्याला पकडणारा नियम आहे. वशिल्याच्या भीतीने आपल्याच माणसाला चिरडणाऱ्याला पकडणारं कलम मला तरी कुठल्या नियमावलीत सापडलेलं नाही.

निकाल लागल्यावर त्याने फोन केला. “मॅडम, काय कमी पडलं?” मी म्हटलं, “स्पर्धा फार कडक होती रे.” तेही खरंच होतं, म्हणून जास्त लाज वाटते.

आणि हो, सरकारांना मी सोडलेलं नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांची युरोपियन ग्रँटसाठी निवड झाली, पण ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातला करार अडकला, आणि २०२२ मध्ये त्यांना सांगण्यात आलं, की युरोपातल्या संस्थेत जा, नाहीतर ग्रँट विसरा. अर्ज तोच, माणूस तोच, निवडही पॅनेलनेच केलेली. ते वाचताना माझा संताप झाला होता, आणि लगेच मनात आलं, तुला कसला संताप येतो गं?

गेल्या महिन्यात त्याचा पुन्हा फोन आला. आता तोच एका पॅनेलवर बसतोय, दुसऱ्या फंडाच्या. म्हणाला, “ओळखीच्या माणसाचा अर्ज निघाला, आणि नियमात बसत असलं, तरी उठावं का?”

मी म्हटलं, “ऊठ.” मग थोड्या वेळाने म्हटलं, “पण उठलास तर त्या अर्जाची बाजू समजणारा एक माणूस खोलीत कमी होतो, तेही बघ.”

तो म्हणाला, “म्हणजे नक्की काय करू?”

मी म्हटलं, ओळख जाहीर करायचा फॉर्म कधीपर्यंत भरायचाय? त्याने तारीख सांगितली. मी ती लिहून घेतली.