सोमवारचं पहिलं इल्यूशन

दुपारी एकला मेंदूच्या रक्तप्रवाहाचा स्कॅन होता. औषध एचएमपीएओ, म्हणजे रक्तातून मेंदूत शिरणारं संयुग; त्याला जोडायचं टेक्नेशियम-९९एम, हे किरणोत्सारी मूलद्रव्य, ज्याचे गॅमा किरण कॅमेऱ्याला दिसतात. रुग्ण हाताला कॅन्युला लावून मंद उजेडाच्या खोलीत शांत पडलेला. हॉट लॅबमध्ये (किरणोत्सारी औषधं बनवायच्या खोलीत) किट, म्हणजे औषधाची तयार कुपी, टेक्नेशियम घालून बनवलं, मी शुद्धतेच्या चाचणीच्या पट्ट्या लावल्या आणि उत्तर आलं ५४ टक्के. निदान ८० तरी लागतात.

चाचणी सोपी आहे. सिलिका जेलच्या दोन पट्ट्या, तळापासून थोडं वर पेन्सिलीची रेघ (पेनाची शाई द्रावकाबरोबर वर चढते), रेघेवर औषधाचा एकेक थेंब. एक पट्टी ब्यूटेनोन या द्रावकात उभी करायची, दुसरी सलाइनमध्ये. ब्यूटेनोनमध्ये रेघेवरच चिकटून राहिले १७ टक्के, म्हणजे बिघडलेलं संयुग आणि गाळ होऊन बसलेलं टेक्नेशियम. सलाइनमध्ये वर पळाले २९ टक्के, ते मोकळं परटेक्नेटेट, म्हणजे औषधाला न जोडलेलं टेक्नेशियम. दोन्ही शंभरातून वजा केले की जे उरतं तेच मेंदूत शिरतं. मोकळं परटेक्नेटेट मेंदूत जात नाही. ते थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठरात जाऊन बसतं. हे औषध मुळात उत्तम बनलं तरी दिलेल्या डोसातला जेमतेम पाचेक टक्के भाग मेंदूत पोचतो. त्यातही निम्मं फुकट म्हटल्यावर चित्रात नुसते ठिपके दिसले असते.

पहिला संशय हवेवर. या किटमध्ये स्टॅनस क्लोराइड, म्हणजे कथिलाचा क्षार, असतं फक्त ७.६ मायक्रोग्रॅम. परटेक्नेटेटचं क्षपण करून (त्याला इलेक्ट्रॉन देऊन) ते औषधाला जोडण्याचं काम या कथिलाचं, आणि कुपीत हवेचा बुडबुडा गेला तरी ते खराब होतं. म्हणून जितकं द्रावण आत सोडायचं तितकाच वायू सिरिंजने बाहेर ओढायचा, हवेसाठी वेगळी सुई टोचायची नाही. दुसरी कुपी घेतली, हे सगळं काटेकोर पाळलं, पुन्हा पट्ट्या. ५७ टक्के.

मग सकाळचं रजिस्टर उघडलं. आठ वाजता जनरेटरमधून ५ मिली काढलेले, डोस कॅलिब्रेटरवर (किरणोत्सार मोजायच्या यंत्रावर) २४५ मिलीक्युरी. जनरेटरमध्ये मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम बनत राहतं; ते सलाइनने धुऊन काढणं म्हणजे इल्यूशन. मॉलिब्डेनमची गळती शिशाच्या डब्यात कुपी ठेवून मोजलेली: टेक्नेशियमचे १४० केईव्हीचे (किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे) गॅमा त्या शिशात अडकतात, मॉलिब्डेनमचे ७४० केईव्हीच्या आसपासचे बरेचसे आरपार येतात. गळती मर्यादेच्या खूप खाली. ॲल्युमिनाची कागदी चाचणी ठीक. त्याच द्रावणातून सकाळी बनवलेले हाडांच्या स्कॅनचे डोसही उत्तम निघाले होते. सगळं पास, आणि तरी किट नापास.

उत्तर रजिस्टरच्या आदल्या ओळीत होतं. त्याआधीचं इल्यूशन शुक्रवारी सकाळी आठला. शनिवारी कामच नव्हतं, त्यामुळे जनरेटर ७२ तास तसाच उभा.

इथे समस्थानिकांचं मूळ सूत्र आडवं येतं: अणुकेंद्रक वेगळं, पण रसायन तेच. जनरेटरमधल्या ॲल्युमिनाच्या स्तंभावर मॉलिब्डेनम-९९ धरून ठेवलेलं असतं, अर्धायुष्य ६६ तास. ते विघटित होऊन बहुतांशी टेक्नेशियम-९९एम बनतं, त्याचं अर्धायुष्य ६ तास. ते गॅमा सोडून टेक्नेशियम-९९ होतं, आणि याचं अर्धायुष्य आहे २,११,००० वर्षं. म्हणजे व्यवहारात ते संपतच नाही, साचत राहतं. २४ तासांनी काढलेल्या द्रावणात टेक्नेशियमच्या शंभर अणूंपैकी साधारण २८ कामाचे, म्हणजे ९९एम, असतात. ७२ तासांनी फक्त ८. ते द्रावण आम्ही आणखी पाच तास ठेवून वापरलं, म्हणजे उरले चार-साडेचार. एका कामाच्या अणूमागे बावीस बसून खाणारे.

डोस कॅलिब्रेटरला हे दिसत नाही. तो आयनीभवनाचा प्रवाह मोजतो. टेक्नेशियम-९९ इतकं सावकाश विघटित होतं की मीटरच्या लेखी ते नाहीच. कथिलाला मात्र दोन्ही सारखेच. अणुकेंद्रकातली जादा ऊर्जा रसायनाला कळत नाही, त्याला फक्त इलेक्ट्रॉन कळतात.

हिशेब केला तर कागदावर कथिल तेव्हाही पुरेसं होतं: किटमध्ये कथिलाचे सुमारे २ × १०^१६ अणू, आणि कुपीत सोडलेल्या ४१ मिलीक्युरीबरोबर गेलेले टेक्नेशियमचे सुमारे १०^१५. पण त्यातलं बरंच कथिल साठवणीत आणि पाण्यातल्या ऑक्सिजनवर आधीच खर्ची पडतं. शिवाय किरणोत्साराने पाण्यातच ऑक्सिडीकारक पदार्थ तयार होतात, आणि शिळ्या द्रावणात ते जास्त असतात. टेक्नेशियम-९९ ची गर्दी आणि हे पदार्थ, यांपैकी कुणाचा वाटा किती, हे आमच्या पट्ट्यांवरून सांगता येणार नाही. किटच्या माहितीपत्रकात मात्र दोन्ही अटी स्पष्ट लिहिलेल्या असतात: जनरेटर आधीच्या २४ तासांत इल्यूट झालेला हवा, आणि द्रावण दोन तासांपेक्षा जुनं नको. आम्ही दोन्ही मोडल्या होत्या. हाडांच्या किटमध्ये कथिल कितीतरी जास्त असल्यामुळे सकाळी काहीच जाणवलं नव्हतं.

आयोडीनमध्येही हाच खेळ चालतो. आयोडीन-१३१ ची मात्रा देण्याआधी रुग्णाला आयोडीनयुक्त मीठ आणि सीटीचं कॉन्ट्रास्ट टाळायला सांगतात, कारण स्थिर आयोडीन-१२७ ने थायरॉइड आधीच भरलं तर १३१ ला जागा उरत नाही. टेक्नेशियमचं एकही स्थिर समस्थानिक नाही, त्यामुळे इथे गर्दी बाहेरून येत नाही, जनरेटरच ती घडवतो.

एक वाजता पुन्हा इल्यूट केलं. पाच तासांत नव्याने बनलेल्या टेक्नेशियममध्ये तीनातले दोन अणू कामाचे असतात, पण हा आकडा फसवा आहे. सकाळी स्तंभातलं ९० टक्केच बाहेर आलं होतं; उरलेल्या दहा टक्क्यांत तीन दिवसांची जुनी गर्दी होती, ती आता सोबत आली. ती धरली की प्रमाण साधारण चारात एक. तरीही आधीपेक्षा पाचपट बरं. मिळाले १०८ मिलीक्युरी, ५ मिलीमध्ये. त्यातले २ मिली घेतले, सलाइनने ५ मिली केले आणि तिसऱ्या कुपीत हळूच सोडले. ब्यूटेनोनच्या रेघेवर ६ टक्के, सलाइनच्या टोकाला ५. म्हणजे ८९. तयार झाल्यापासून अर्ध्या तासात हे औषध टोचायचं असतं, ते वेळेत टोचलं.

आता कुपीच्या लेबलवर दोन वेळा लिहितो: हे इल्यूशन कधीचं, आणि याच्या आधीचं कधीचं. सुट्टीनंतर पहिलं द्रावण हाडांसाठी आणि मूत्रपिंडांसाठी, मेंदूचं किट दुसऱ्या द्रावणातून.

नापास झालेल्या दोन कुप्या शिशाच्या पेटीत टाकल्या होत्या. पुढच्या सोमवारी बाहेर काढल्या तेव्हा सर्व्हे मीटरचा काटा नेहमीच्या पार्श्वभूमीवरून हललाही नाही. टेक्नेशियमचे अणू मात्र तितकेच होते, प्रत्येक कुपीत १०^१५ च्या घरात. कुपी तयार केली तेव्हा सेकंदाला दीड अब्ज विघटनं होत होती, आता जेमतेम शंभर-सव्वाशे, आणि त्यांचे बीटा कण काचेबाहेरही येत नव्हते.