शेपटीवरचे पट्टे

आज पहाटे अलार्म बंद करून परत झोपणारच होते पण कशी कोण जाणे उठले आणि पक्षी बघायला पाणथळीवर गेले. सुरुवातीला नेहमीचेच शेकाट्या, लाल लांब पाय, चालताना एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं, आणि शेपूट सतत खालीवर हलवणारा तुतवार. म्हटलं चला, आज काही खास नाही. तेवढ्यात लांब चिखलात सात-आठ पाणटिवळे (लांब चोचीचे पाणपक्षी, ब्लॅक-टेल्ड गॉडविट) दिसले, चोच पार डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसून कीडे शोधत होते, त्यात एक जरा बुटका, पाठ रेघारेघांची, चोच किंचित वर वळलेली. तरी खात्री होईना, पाणटिवळा आणि त्याचा पट्टेरी शेपटीचा भाऊबंद, बसलेले असताना हे दोघं फार फसवतात बुवा! पाऊण तास दुर्बीण डोळ्याला लावून बसले, हात भरून आले, डास चावले ते वेगळंच. शेवटी एक घार आली आणि सगळे एकदम उडाले, बाकीच्यांच्या पंखांवर ठळक पांढरा पट्टा, शेपटीचं टोक काळं, आणि याच्या पंखावर पट्टाच नाही, शेपटीवर बारीक आडव्या रेघा. तोच पट्टेरी शेपटीवाला, बार-टेल्ड गॉडविट!! मी एकटीच ओरडले.

याच जातीच्या एका पिल्लाने २०२२ मध्ये अलास्का ते टास्मानिया साडेतेरा हजार किमी न थांबता पार केले होते, ११ दिवस, ना खाणं ना पाणी. आणि मला बेडवरून उठायला तीन अलार्म लागतात 😅

फोटो आलाय, पण त्यात फक्त चिखल आहे.