कोलंबोतून बघितलं तर पुणे आपण आहोत

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी प्रादेशिक सुरक्षा आणि उदयाला येणाऱ्या महासत्ता असा पेपर घेतलाय. दिवसभर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात एक्स्पोर्टची कागदपत्रं, आणि रात्री भांडी आवरली की दक्षिण आशिया. ऑफिसात ही बातमी फुटल्यावर मोल्डिंगचे सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, चीन कधी येतोय तेवढं आधी सांगा, भट्टीच्या कोकची ऑर्डर टाकून ठेवतो." चेष्टा होती, पण बहुतेकांच्या डोक्यात या विषयाचा अर्थ एवढाच असतो. चीन येणार का, आणि कुठल्या बाजूनं येणार.

अभ्यासक्रमात बॅरी बुझान आणि ओले वेव्हर या दोघांची मांडणी आहे, 2003 सालच्या त्यांच्या ग्रंथातली. त्यांचं म्हणणं तसं सरळ आहे. धोका लांबून येण्यापेक्षा जवळून लवकर येतो, म्हणून देशांची भीती मुख्यतः शेजाऱ्याची असते आणि शेजारी-शेजारी मिळून एक गुंता तयार होतो. बाहेरची सत्ता त्या गुंत्यात शिरते ती कुणातरी एकाचा हात धरून. 1954 ला पाकिस्ताननं अमेरिकेचा धरला, ऑगस्ट 1971 मध्ये आपण सोव्हिएत रशियाशी करार केला. आणि कधीकधी बाहेरचा इतका जड होऊन बसतो की खालची भांडणं त्याच्या वजनाखाली दबूनच जातात. याचं उदाहरण म्हणून वसाहतींचा काळ एका ओळीत उरकलाय.

कोल्हापूरच्या माणसाला ती एक ओळ पुरत नाही. ती सगळी गोष्ट आमच्या दारात घडलेली आहे.

1660 साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ आणि दारूगोळा घेऊन गडाखाली आले होते. रेव्हिंग्टन हा त्यांचा म्होरक्या. व्यापारी म्हणून परवानगी घेतलेली माणसं आपलं निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकत होती! पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्यांना कैदेत टाकलं, ते वेगळं.

ती आठवण कारभाऱ्यांच्या मनातून गेली नसावी. 1715 च्या सुमारास कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र, म्हणजे राज्यकारभार कसा करावा हे सांगणारा ग्रंथ, सिद्ध केलं. अमात्य म्हणजे बावडेकर, गगनबावड्याचे. त्यात सावकारांबद्दल लिहिता लिहिता ते टोपीकरांवर, म्हणजे युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांवर, येतात आणि त्यांचा सूर एकदम बदलतो. हे इतर सावकारांसारखे नाहीत, यांच्या मागे राज्य आहे, यांना मुलूख वाढवायचा आहे, हातात आलेलं ठिकाण हे जीव गेला तरी सोडत नाहीत, आणि यांचं बळ आरमार आणि तोफखान्यात आहे. म्हणून व्यापारापुरतं येणं-जाणं ठेवावं. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकाठी किंवा किल्ल्याजवळ नको. खाडीपासून आत, मोठ्या शहराच्या आश्रयानं, सखल जागी द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये.

उदयाला येणाऱ्या सत्तेचं इतकं नेमकं मोजमाप मला एकाही इंग्रजी लेखात सापडलेलं नाही. हेतू, क्षमता, भूगोल, सगळं आहे. सखल जागेचा मुद्दा तर काय, आजच्या कुठल्याही संरक्षण खात्याच्या फायलीत शोभेल.

आज्ञापत्राबद्दलचं कौतुक इथंच थांबतं. व्हॉट्सॲपवर फिरणारं "आपल्या पूर्वजांनी आधीच सांगितलं होतं" तर इथंच संपतं. मला खरा अभ्यास पुढं दिसतो, कारण ज्या गादीसाठी हे लिहिलं तिनंच शंभर वर्षांच्या आत त्याच्या उलट केलं.

1765 मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. दुसऱ्या वर्षी अटी आणि पैसे घेऊन परत केला. म्हणजे इशारा मिळाला होता. तरी 1 ऑक्टोबर 1812 च्या तहात कोल्हापूरनं मालवण आणि तो किल्ला कायमचा इंग्रजांना देऊन टाकला. जी गोष्ट देऊ नये म्हणून अमात्यांनी बजावलं होतं, नेमकी तीच. बदल्यात काय, तर इंग्रजांचं संरक्षण.

संरक्षण कुणापासून? फ्रेंचांपासून नाही. निपाणीकर देसायांपासून, आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या पुण्यापासून, म्हणजे पेशव्यांपासून. निपाणी म्हणजे आमच्याकडनं एसटीनं तासाभराची वाट. सातारा आणि कोल्हापूर यांच्यात 1731 मध्ये वारणेचा तह होऊन हद्द ठरली खरी, पण पुण्याचा कारभार मोठा होत गेला तसा कोल्हापूरला धाक बसत गेला. पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्याशी लढाया, सावंतवाडीशी तंटे, शेवटी चिकोडी आणि मनोळी हे परगणे निपाणीकरांच्या घशात. तहात कोल्हापूरनं त्या दोन्हींवरचा हक्क सोडला तो सोडलाच. बांधावरच्या शेजाऱ्याची जिरवायला सावकाराकडून पैसे उचलणारे आपल्याकडे अजून आहेत, तसलाच प्रकार.

दरबारात कुणाला अक्कल नव्हती, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. स्टीफन वॉल्ट यांनी 1987 मध्ये मांडलं की राज्यं नुसत्या ताकदीला घाबरत नाहीत, धोक्याला घाबरतात, आणि धोक्यात जवळीक मोजली जाते, समोरच्याचा इरादा मोजला जातो. 1812 च्या कोल्हापुरात बसून बघितलं तर इंग्रज लांबचा होता आणि निपाणी उंबऱ्यावर. हिशोब त्या दिवसापुरता चुकला नव्हता.

हे डोक्यात ठेवून श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराबद्दल वाचलं तर वेगळंच दिसतं. आपल्याकडे गोष्ट ठरलेली आहे: श्रीलंकेनं कर्ज काढलं, फेडता आलं नाही, चीननं 2017 मध्ये बंदर 99 वर्षांसाठी गिळलं. भाडेपट्टा खरा आहे, 112 कोटी डॉलरही खरे. पण त्या पैशांनी बंदराचं कर्ज फिटलं नाही. ते श्रीलंकेच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले आणि कर्ज तसंच राहिलं. श्रीलंकेच्या गळ्याशी फास होता तो मुख्यतः आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा. ऑगस्ट 2022 मध्ये युआन वांग 5 हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज तिथं लागलं तेव्हा आपल्या चॅनेलवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. त्याच वर्षी आपण श्रीलंकेला सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत केली होती, तरी जहाज लागलंच.

"एवढं करूनही हे असे वागतात" हा आपला सूर मला आता ओळखीचा वाटतो. पुण्यात 1812 ला हेच म्हणत असणार. आपण स्वतःला अमात्यांच्या जागी बसवतो, चीनला टोपीकर करतो. पण कोलंबो, काठमांडू, माले इथून बघितलं तर निपाणी आणि पुणे आपण आहोत. तिकडच्या निवडणुकांत भारताला बाहेर काढण्याच्या घोषणा चालतात, 2023 मध्ये मालदीवला चालल्या, त्या काही बीजिंगनं शिकवल्या म्हणून नाही. आपण आकारानंच तेवढे आहोत. तो आकार कमी करता येत नाही. धाक कमी वाटेल असं वागता येतं, आणि तिथं आपली कामगिरी बेताची आहे, असं माझं मत.

मामांना हे सांगितलं. ते सैनिक टाकळीचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन आले. सिक्कीमला वर होते. माझं सगळं ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाले, "वर चीन दिसत न्हाई गं. दिसतंय ते समोरचं पोरगं, त्याच्याबी नाकातनं पाणी गळत असतंय. आमची पयली काळजी बुखारीला, म्हंजी शेगडीला, रॉकेल पुरंल का." मग थोडं थांबून विचारलं, "आणि ते डोकलामचं झालं, त्यात भूतानवाला काय म्हणत होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2017 ला 73 दिवस दोन सैन्यं समोरासमोर उभी होती ती जमीन भूतान आपली म्हणतो आणि चीन आपली. त्यावरचे ढीगभर लेख मी वाचलेत. सगळ्यांत दिल्ली काय म्हणाली आणि बीजिंग काय म्हणालं ते सविस्तर आहे. थिंफूला दोन-चार ओळी मिळतात.

प्रबंधाच्या विषयासाठी सरांनी हिंद-प्रशांत सुचवलंय. नोकरीच्या दृष्टीनं तो बरा, हे मलाही कळतं. मी त्यांना उलट विषय दिलाय: मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीतली छोटी राज्यं, 1812 चं कोल्हापूर आणि आजचं भूतान. हा इतिहासाचा विषय आहे, राज्यशास्त्राचा नाही, असं ते म्हणतायत. सोमवारी पुन्हा भेटायचं ठरलंय, तहाच्या कलमांची झेरॉक्स घेऊन जाणार आहे.