ओट्याचं फडकं

आषाढ लागला की आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात काहीच धड वाळत नाही. चादरी पडवीतल्या दोरीवर तीन-तीन दिवस, गंजीफ्रॉक चुलीच्या उबेला, आणि ओट्याचं फडकं कायम सिंकच्या नळावर. बाबांच्या लुंगीचा चौकड्यांचा तुकडा, कडेला हळदीचा डाग. त्यानंच ओटा पुसायचा, बांगडे साफ केलेला पाट पुसायचा, गरम टोप उतरवायचा आणि शेवटी हातही.

ॲरिझोना विद्यापीठातल्या चार्ल्स गर्बा या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाबद्दल वाचलं आणि ते फडकं डोळ्यांत सलायला लागलं. घरातले जंतू मोजण्यात या माणसाची हयात गेली. फ्लश केल्यावर उडणाऱ्या तुषारांतून जंतू कुठवर जातात, ते त्यानं 1975 मध्येच तपासलं होतं. पुढे 1998 मध्ये छापलेल्या अभ्यासात त्याच्या चमूनं स्वयंपाकघर आणि बाथरूम मिळून 14 जागा दर आठवड्याला तपासल्या, 30 आठवडे. सगळ्यात स्वच्छ कोण निघालं? कमोडची सीट! बरबटलेले निघाले सिंक, नळाची मूठ, स्पंज, फडकं. जिथे ओल, तिथे वस्ती. त्याचं हे विद्यापीठ टुसॉनला, वाळवंटात. तिथे वर्षाला 300 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आमच्याकडे तेवढा कधी कधी एका आठवड्यात होतो.

आमच्याकडे संडास परसात, घरापासून शक्य तेवढा लांब. तिकडून आलं की पाय धुतल्याशिवाय माजघरात पाऊल टाकायची टाप नाही. फडक्यावर मात्र कुणाचा संशय नाही.

मी ते चिमटीत धरून आईसमोर नेलं.

"काय झाला त्या फडक्याक? रोज धुतंय मगे!"

धुते, खरंच. मग घट्ट पिळून, घडी करून परत नळावर. मनाजोगती ऊब आणि ओल मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतात, हे मी तिला सांगितलं. ती आंबोळीचं पीठ फेटत होती. तेही जंतूंच्याच भरवशावर. उडदाबरोबर आलेले ल्युकोनोस्टॉक रात्रीत फुगवतात ते. त्यांना गारठा लागू नये म्हणून टोप चुलीच्या कडेला सरकवत ती म्हणाली, "बरा."

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेल्यावर मी फडकं खळखळून उकळलं. परत आली, वास घेतला.

"खयच्या टोपात उकळलंस ता?"

भाताच्या.

तो टोप तिनं सोडण आणि राख घेऊन तीनदा घासला. मग नळावर हात नेला, फडकं सापडेना, तेव्हा पदरानं पुसला.