तुम्ही विचारलंत म्हणून: लेन्स बदलली की फोटो सुधारतो का?

लग्नात पंगत उठली की कुणीतरी जवळ येतं, गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघतं आणि विचारतं, "दादा, केवढ्याची हाय ही लेन्स? अशी घेतली तर आमचे फोटो बी असेच येतील का?" बारा वर्षं लातूर, बीड, धाराशिवकडच्या ऑर्डरी करतोय आणि दर सीझनला वेगळं उत्तर देतोय. अंबाजोगाईत एकदा पोरांना छातीठोकपणे सांगितलं, "फोटो कॅमेरा काढत नाही, नजर काढते." मागचा एकजण म्हणाला, "मग सर, बॅग आमच्याकडं ठेवून जा." सगळे हसले, मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र घुसमटत होतो.

कारण पोरगं बरोबर होतं. सुरुवातीला गोंधळाला मी १८-५५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळते ती, घेऊनच जायचो. उजेड काय, तर एक दिवटी आणि ओसरीतला पिवळा बल्ब. ५५ वर झूम केलं की अपर्चर, म्हणजे उजेड आत घ्यायचं भोक, ५.६ च्या पुढं उघडत नाही; आकडा जेवढा लहान, भोक तेवढं मोठं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची ताकद, ३२०० करूनही शटर १/१५ सेकंद उघडं, आणि संबळ वाजवणाऱ्याचे हात म्हणजे नुसत्या रेघा. मग साधी ५० एमएम १.८ घेतली. ५.६ च्या मानानं १.८ ला जवळपास दहापट उजेड आत येतो. तसल्याच ओसरीत शटर १/१२५ ला गेलं आणि संबळाच्या काड्या स्वच्छ दिसल्या. नजर तीच होती की! हे ज्याला पटत नाही त्यानं एक रात्र किट लेन्सवर गोंधळ काढून दाखवावा.

तिथंच थांबलो असतो तर बरं होतं. पुढं ८५ एमएम १.४ घेतली, हप्त्यानं. वडील म्हणाले, "एवढ्यात बोअर झालं असतं." मी म्हणालो, धंद्याला लागते. खोटं नव्हतं. शेजारच्या तालुक्यातल्या फोटोग्राफरनं घेतली होती, हेही खोटं नव्हतं.

त्याच मे महिन्यातलं एक लग्न. संध्याकाळी पाचची पाठवणी, ऊन अजून लख्ख. नवरीच्या आजीनं पुढं होऊन नातीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला कपाळ लावायच्या आत क्षणभर थांबली. मी दीड मीटरवर. लेन्स १.४ ला उघडी, शटर १/४०००. एवढ्या उन्हात १.४ ची गरज कुणाला होती? कुणालाच नव्हती. हप्ता भरत होतो, म्हणून उघडली होती. दीड मीटरवर ८५ एमएम १.४ ला जेमतेम अडीच सेंटीमीटर खोली फोकसमध्ये राहते. तेवढ्यात नवरीचे डोळे आले, मुंडावळ्यांचा एकेक मणी आला. आजी वीतभर पलीकडं होती.

अल्बम सगळ्यांना आवडला. मलाही. दिवाळीनंतर त्या मुलीचा फोन आला, आजी गेली होती. "दादा, आजीचा चेहरा दिसंल असा एखादा तरी फोटो असंल ना? अल्बमात आजी धुरात हाय." रात्री दोनपर्यंत हार्ड डिस्क उपसली. त्या क्षणाचे सतरा फोटो. सतराही तसेच. शेवटी तिच्या मावसभावाच्या मोबाईलमध्ये एक सापडला, वाकडा, कडेला मांडवाचा बांबू आलेला. मोबाईलचा सेन्सर एवढासा, त्यामुळं त्यात सगळंच फोकसमध्ये: नात, आजी, बांबू. भिंतीवर तोच लागलाय.

बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो की लेन्सचा काय दोष. सांगितलं तेच तिनं केलं. अपर्चर ८ ला ठेवलं असतं तर आजी थोडी मऊ, म्हणजे जराशी पुसट, आली असती, पण आली असती. पण मग हेही विचारावं लागतं की त्या दिवशी गळ्यात किट लेन्स असती तर ही चूक मला करता तरी आली असती का? आणि लगेच दुसरं मन म्हणतं, पुढच्या तीन ऑर्डरी त्या मुंडावळ्यांच्या फोटोवरच आल्या, ते विसरू नको.

वेरूळला तर भाड्यानं वाइड लेन्स घेऊन भल्या सकाळी पोचलो होतो. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, हे शाळेच्या सहलीपासून माहीत असताना! सगळं सावलीत, लेन्स काय करणार. दहा नंबरच्या लेणीत उजेड आत यायला दुपार कलावी लागते. तोवर डबा खाल्ला.

८५ विकलेली नाही. परवाच्या लग्नात पुन्हा १.४ ला उघडली. आता सांगा, बजेट किती आहे तुमचं?